जुना ओकचा टीपॉय घेताय? आधी उलटा करून बघा

१९६०-७०च्या दशकांतले बेल्जियम-नेदरलँड्सकडचे जाडजूड, ठोकळेबाज, ‘ब्रुटलिस्ट’ शैलीचे टीपॉय दिसायला झकास. पण रत्नागिरी-मालवणच्या दमट हवेत ठेवायचा असेल तर पॉलिशवर भाळू नका. दोघांनी धरून उलटा करा (एकट्याने नको, कंबर धरेल). कडेच्या फिकट लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खाली काळा कागद घालून रात्रभर ठेवा. सकाळी पिठासारखा ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत समजा, मग किंमत कितीही पाडोत, घेऊ नका.

स्क्रू नीट बघा. ओकच्या लाकडात टॅनिन (एक तुरट द्रव्य) भरपूर असतं. लोखंड आणि ओल भेटली की भोवती निळा-काळा डाग उमटतो. डाग वरवरचा असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, हातमोजे मात्र हवेतच. लोखंडी स्क्रू काढून पितळी किंवा स्टेनलेस बसवून घ्या. वरची फळी खालच्या चौकटीला करकचून आवळलेली नसावी, स्क्रूची भोकं लांबट हवीत. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतंच. पायांखाली रबराचे तुकडे लावा, म्हणजे लादी पुसताना पाणी शिरणार नाही.