कुत्र्याला शुगर निघाली? घरी इन्सुलिन असं द्या

कुत्रा सारखं पाणी पितोय, घरातच सू करतोय, खातोय दणकून तरी बरगड्या दिसायला लागल्यात, तर आधी रक्त आणि लघवी चेक करून घ्या. शुगर निघालीच तर कुत्र्यांना बहुतेक वेळा इन्सुलिनच लागतं, आजोबांच्या शुगरच्या गोळ्या देऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ सिरिंजमध्ये होतो. आपल्याकडे ४० युनिटवाली (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) वायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, सर्रास मिळते, तिला ४० चीच सिरिंज हवी (लाल टोपणाची). १०० ची, म्हणजे केशरी टोपणाची वापरली तर डोस चुकणारच, म्हणून मेडिकलवाल्याने दिली तरी स्वतः वाचून बघा. वायल फ्रीजमध्ये, पण फ्रीजरमध्ये नाही. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर वायल तळहातांत हळूच फिरवायची, आणि डॉक्टरांनी खास सांगितलं नसेल तर जोरात हलवायची नाही.

आधी जेवण, मग सुई, साधारण दर १२ तासांनी. पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची, खाली सुई घालायची, जागा रोज बदलायची. पहिल्या दिवशी आपलाच हात थरथरतो, त्याला काही वाटत नाही.

जेवला नाही तर पूर्ण डोस ठोकू नका, डॉक्टरांना फोन करा. लडखडतोय, थरथरतोय, तर शुगर फार खाली गेली असू शकते, हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा.

मादी असेल तर नसबंदीच्या ऑपरेशनचं डॉक्टरांशी लवकर बोला, माजानंतरच्या हार्मोनमुळे इन्सुलिन नीट लागू पडत नाही.