जुन्या नियतकालिकांतली गोष्ट शोधताय? या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातली मराठी मासिकं-साप्ताहिकं आता स्कॅन होऊन घरबसल्या वाचायला मिळतात. त्यातली एखादी गोष्ट आवडली की आपण ती उचलतो, तिच्यावर चार ओळी लिहितो आणि तिथंच फसतो. मीही फसलो आहे, एक-दोनदा चारचौघांत.

सुरुवात शोधण्यापासूनच करू. सर्चमध्ये 'लघुकथा' टाकलंत तर फारसं काही हाती लागणार नाही, कारण हा शब्द रुळला विसाव्या शतकात. तेव्हाचा शब्द साधा, 'गोष्ट'. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांच्या छोट्या कथा पुढे पुस्तकरूपानं आल्या त्याही 'स्फुट गोष्टी' म्हणून. मात्र 'गोष्ट' म्हणजे आटोपशीरच असंही धरून चालू नका. त्यांच्या ऐसपैस सामाजिक कादंबऱ्यांवर 'आजकालच्या गोष्टी' असा मथळा असे! शिवाय अनुस्वार. 'घरांत', 'त्यानें', 'कीं' अशी छपाई असते, आणि स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राला शाईचा डाग नि अनुस्वार सारखेच. म्हणून 'दुष्काळांत' शोधू नका, नुसतं 'दुष्काळ' शोधा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तारखांचा. अंकावर शके असलं की आपण 78 मिळवून मोकळे होतो. शके 1812 म्हणजे 1890, बरोबर? कार्तिकातला अंक असेल तर बरोबर. माघ-फाल्गुनातला असेल तर ते 1891, कारण शकाचं वर्ष चैत्रात बदलतं. त्यात नियतकालिकाचं स्वतःचं 'वर्ष' वेगळंच. हरिभाऊंचं 'करमणूक' साप्ताहिक पुण्यात 1890च्या उत्तरार्धात निघालं, त्यामुळे त्याच्या 'वर्ष 1'मध्ये दोन इंग्रजी सालं येतात. एका ग्रंथालयात मला एका मासिकाचा बांधीव खंड मिळाला होता. बाइंडरनं जाड कागद नको म्हणून सगळी मुखपृष्ठं काढून टाकली होती, आणि महिना छापलेला होता तो नेमका मुखपृष्ठांवरच. शेवटी एका अंकात संक्रांतीचा उल्लेख सापडला आणि तिथून मागेपुढे मोजत गेलो. अशा वेळी मजकुरातले सण, परीक्षा, रोगाच्या साथी कामाला येतात.

पुस्तकाचं साल गोष्टीला चिकटवणं ही याच चुकीची धाकटी बहीण. गुंजीकरांची 'मोचनगड' ही कादंबरी 1871ची म्हणून सांगितली जाते, पण वाचकांना ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून 1867पासूनच हप्त्याहप्त्यानं मिळत होती.

आता हरिभाऊंचीच 'काळ तर मोठा कठीण आला' घ्या. दुष्काळात एका गरीब घराची वाताहत होते, ती ही कथा. मराठीतल्या पहिल्या खऱ्या लघुकथांत तिची गणना होते. पुष्कळजण तिचा संबंध बेधडक छप्पनच्या दुष्काळाशी जोडतात. तो छप्पन म्हणजे संवत 1956, इंग्रजी हिशेबानं 1899-1900. पण या गोष्टीचा इंग्रजी अवतार 'रामजी' या नावानं लंडनमध्ये छापला गेला तो 1897 साली. मग ती दोन वर्षांनी पडणाऱ्या दुष्काळावर कशी असेल? पाहायचा तो 1896-97चा दुष्काळ. एवढ्या एका सालानं किती लेख आडवे होतील, विचारू नका.

'मनोरंजन'बाबतही जपून. का. र. मित्रांचं 'मासिक मनोरंजन' मुंबईत 1895 साली सुरू झालं. त्याआधीच्या सालासोबत 'मनोरंजन' दिसलं तर ते 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' हे वेगळंच नियतकालिक तर नाही ना, हे तपासा. आणि हो, मित्र बंगाली नव्हते. ते मूळचे आजगावकर, बंगालीच्या ओढीनं मित्र झालेले. त्यांचा गाजलेला दिवाळी अंकही 1909चा, तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या 'दिवाळी अंकातली कथा' कुणी सांगू लागलं तर अंक दाखवायला सांगा.

स्कॅनमधली चारच पानं उतरवून घेण्याची सवय सोडा. शेवटी बारीक टायपात 'पुढें चालू' असतं, ते पान निसटलं की हप्त्यालाच आपण अख्खी गोष्ट समजतो आणि वर 'शेवट किती आधुनिक, अधांतरी सोडलाय' असं कौतुकही करतो.

राहिला प्रश्न गोष्ट कुणाची, हा. खाली नाव नाही आणि 'करमणूक' आहे, म्हणजे हरिभाऊच, असं ठरवून टाकू नका. पुष्कळसा मजकूर ते स्वतः लिहीत हे खरं, पण दुसऱ्यांचंही लेखन तिथं येई. केशवसुतांच्या कविताही त्यात आल्या. गोष्ट स्वतंत्र की रूपांतरित, हे नावांवरून कळत नाही. सदाशिव पेठेतला नायक जेवण उरकून कुत्र्याला घेऊन फेरफटक्याला निघाला, की मूळ इंग्रजी कथा शोधायला लागा. खुद्द हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'च्या आधारे उभी राहिली होती. म्हणून माझ्या वहीत अशा गोष्टींपुढे वर्ष, अंक आणि पृष्ठ शाईनं असतं, लेखकाचं नाव पेन्सिलीनं.