सीएनसी राउटरवर जडावकाम: नावाच्या पाटीत अक्षरे फट न राहता कशी बसवावीत

हाताने जडावकाम करणारा कारागीर आधी भरायचा तुकडा कापतो, तो पाटीवर ठेवून त्याच्या कडेने टोकदार सुईने रेघ ओढतो आणि त्या रेघेच्या आतच पटाशीने खोबण कोरतो. तुकड्यात जी वाकडतिकड असेल ती रेघेत आपोआप उतरते. सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर, ही सोय नसते. खोबण आणि तिच्यात बसणारा प्लग एकाच चित्रावरून कापले जातात खरे, पण वेगवेगळ्या लाकडात आणि वेगवेगळ्या वेळी, त्यामुळे दोन्हीकडच्या बारीक चुकांची बेरीज शेवटी अक्षराभोवतीच्या काळ्या रेघेच्या रूपाने दिसते. ती रेघ गोंद आणि भुसा कालवून बुजवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच मानू नये, कारण असा भराव पॉलिश लागताच आजूबाजूच्या लाकडापेक्षा गडद होतो आणि फट होती तिथेच नजर खिळवतो.

येथे उदाहरण म्हणून दारावरची नावाची पाटी घेतली आहे: शिसवीची गडद फळी आणि तिच्यात हळदूची फिकट पिवळी देवनागरी अक्षरे. पद्धत व्ही-बिटची (व्ही आकाराच्या टोकदार कटरची), म्हणजे उतरत्या भिंतींच्या जडावकामाची आहे. सरळ भिंतींची खोबण चौकोन, वर्तुळ, पट्टी अशा आकारांना चालते, पण अक्षरांना चालत नाही, कारण ३ मिमीचा कटर आतल्या कोपऱ्यात दीड मिमी त्रिज्येची गोलाई सोडतोच आणि वेलांटीचे टोक किंवा रकाराचा कोन बोथट होतो. व्ही-बिट कोपऱ्यात शिरताना वर उचलला जातो, म्हणून टोक टोकदारच राहते.

लाकूड आणि अक्षरवळण

पाटीला शिसव किंवा सागवान, दोन्ही चालते. प्लगला मात्र सागवान वापरू नये, कारण त्याचा पोत भरड असल्याने बारीक टोके कापतानाच उडतात. हळदू किंवा शिवण यांचा पोत एकसारखा असतो आणि त्यांत धार स्वच्छ उतरते. दोन्ही लाकडांच्या रेषा (तंतूंची दिशा) शिरोरेषेला समांतर ठेवाव्यात. त्यामुळे पावसाळ्यात दोन्ही लाकडे एकाच दिशेने फुगतात आणि लांब शिरोरेषा रेषेच्या बाजूने मजबूत राहते. काना मात्र रेषेला आडवा जातो, म्हणून बारीक उभ्या दांड्यांचे अक्षरवळण घेतले तर प्लगवरचे काने सुटून येतात. लहान पाटीसाठी ३ मिमीपेक्षा बारीक दांडा नसलेले वळण निवडावे. खोबण आणि प्लग शक्यतो एकाच दिवशी कापावेत आणि त्याच दिवशी चिकटवावेत.

टूलपाथ

प्लग म्हणजे एका फळीवर उभी राहिलेली अक्षरे. ती पालथी घालून खोबणीत बसवायची असतात, म्हणून प्लगचे चित्र आडवे उलटवून आरशातल्यासारखे करावे. बिट ६० अंशांचा घ्यावा, आणि जो बिट खोबणीला वापरला तोच प्लगलाही वापरावा. बिटाचा खरा कोन छापील कोनापेक्षा थोडा वेगळा असला तरी चालते, कारण दोन्ही भिंती सारख्याच उताराच्या होतात. दोन वेगळे बिट वापरले की ही हमी जाते.

स्टार्ट डेप्थ म्हणजे पृष्ठभागाखाली ज्या खोलीपासून काप सुरू होतो असे सॉफ्टवेअर धरते ती, आणि फ्लॅट डेप्थ म्हणजे तिथून खाली सपाट तळापर्यंतची खोली. खोबणीसाठी स्टार्ट डेप्थ ० आणि फ्लॅट डेप्थ ५ मिमी ठेवावी. प्लगसाठी स्टार्ट डेप्थ ४ मिमी आणि फ्लॅट डेप्थ १.५ मिमी ठेवावी. रुंद भागातले लाकूड ३ मिमीच्या सरळ कटरने आधी काढून घ्यावे आणि कटर बदलल्यावर झेडचे (उंचीचे) शून्य पुन्हा त्याच पृष्ठभागावरून घ्यावे. शिसवीचा भुसा घशाला आणि त्वचेला त्रास देतो, म्हणून मास्क लावावा.

खरी अडचण: प्लग कुठे टेकतो

वर दिलेले आकडे बहुतेक ठिकाणी मिळतात, पण ते तसे का आहेत हे क्वचितच कोणी सांगते, आणि ते समजल्याशिवाय काम हुकले तर कुठे हुकले हे कळायला मार्ग उरत नाही. मला सर्वाधिक वेळ याच टप्प्यावर द्यावा लागला, म्हणून तो सावकाश सांगतो.

व्ही-बिटने कापलेला प्लग हा कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरेसारखा असतो: खाली उतरत जातो आणि उतरत्या भिंती एकमेकींना भिडल्या की थांबतो. स्टार्ट डेप्थ ४ मिमी म्हणजे तो खोबणीत ४ मिमी उतरतो. खोबण ५ मिमी असल्याने त्याच्या खाली १ मिमी पोकळी राहते. फ्लॅट डेप्थ १.५ मिमी असल्याने प्लगची पाठ, म्हणजे ज्या फळीवर अक्षरे उभी आहेत ती फळी, पाटीच्या पृष्ठभागापासून १.५ मिमी वर राहते. या दोन्ही मोकळ्या जागा असल्याच पाहिजेत. प्लगला थांबवण्याचा अधिकार फक्त भिंतींना आहे. त्याचे टोक तळाला आधी टेकले, किंवा त्याची पाठ पाटीला आधी टेकली, तर भिंती भिडायच्या राहतात आणि शिकंजे कितीही आवळले तरी अक्षराभोवती सलग फट उरते.

शून्य घेण्यातली चूक नेमकी कोणती जागा खाते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. खोबण ठरल्यापेक्षा खोल कापली गेली तर ती वर रुंद होते, प्लग अधिक खाली उतरतो आणि पाठीखालची वरची जागा कमी होते. प्लग ठरल्यापेक्षा खोल कापला गेला तर तो बारीक होतो, पुन्हा अधिक खाली उतरतो, पण या वेळी तळाची जागा कमी होते. म्हणूनच खाली १ आणि वर १.५ मिमी राखून ठेवलेले असतात. ०.२ मिमीची चूक त्यांत सहज मुरते. काटकसर म्हणून या जागा ०.२ किंवा ०.३ मिमीवर आणणाऱ्यांची कामे बिघडतात आणि दोष यंत्रावर जातो.

प्लग सर्व बाजूंनी ०.१ मिमी लहान करावा, हा दुसरा नेहमीचा सल्ला. सरळ भिंतींच्या खोबणीत तो योग्य आहे. उतरत्या भिंतींत तो निरर्थक आहे: ६० अंशांच्या बिटाने कापलेला प्लग बाजूने ०.१ मिमी लहान झाला तर तो सुमारे ०.१७ मिमी खाली उतरतो आणि पहिल्याइतकाच घट्ट बसतो. सैल काहीच होत नाही, तळाची जागा मात्र फुकट जाते.

तिसरी गोष्ट बिटाच्या टोकाची. व्ही-बिटाचे टोक सुईसारखे कधीच नसते, नवीन बिटालाही ०.१ ते ०.२ मिमी सपाटी असते. सॉफ्टवेअर ते टोक बिंदू समजते. रुंद दांड्यांना याचा त्रास होत नाही. पण ३ मिमीचा दांडा घ्या: तो रुंदीला ५.८ मिमीपेक्षा कमी असल्याने बिट ५ मिमी तळापर्यंत पोहोचतच नाही, सुमारे २.६ मिमीवर भिंती एकमेकींना मिळतात आणि तिथे चरीच्या तळाला एक अरुंद सपाट पट्टी राहते. प्लगवरच्या त्याच दांड्याची कड मात्र सुरीच्या धारेसारखी निघते. ही धार त्या पट्टीवर टेकते आणि सगळा प्लग उचलून धरते, म्हणजे एका वेलांटीमुळे संपूर्ण शब्दाभोवती फट दिसते. शिवाय या अरुंद चरीत जादा गोंदालाही जागा नसते. उपाय सोपा आहे: १८० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला लावून प्लगवरच्या सर्व टोकदार कडांवरून दोनतीनदा हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे धार जाऊन केसाएवढी सपाटी दिसू लागते. भिंतींना पेपर लागू देऊ नये.

आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट म्हणजे फळीचा बाक. पृष्ठभाग आरशासारखा सपाट हवा असे सांगितले जाते, पण फळी हलत नसेल तर पृष्ठभागावरचे लहान उंचसखल फारसे बिघडवत नाही, कारण भिंती यंत्राच्या मापाने कापल्या जातात, लाकडाच्या पृष्ठभागाच्या मापाने नाही. बिघडवते ते शिकंज्याने दाबून सपाट केलेले बाकदार लाकूड. कापताना ते सपाट असते, सोडले की परत वाकते, आणि भिंती सोबत घेऊन वाकते. मध्यभागी ०.३ मिमीचा बाक आला तर एका टोकाला प्लग भिडतो आणि दुसऱ्या ठिकाणी तितकाच वर राहतो, म्हणजे तिथे प्रत्येक बाजूला सुमारे ०.१७ मिमीची फट. एवढी फट डोळ्याला स्पष्ट दिसते. म्हणून फळी मोकळी ठेवून तिच्या चारही कोपऱ्यांवर बोट दाबून पाहावे. ती डगमगत असेल तर आधी तिची खालची बाजू रंध्याने किंवा राउटरवर सपाट करावी. खालून कागदाच्या घड्या सारून वेळ मारून नेऊ नये.

खात्री करण्यासाठी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांवर, त्याच आकड्यांनी, ‘श्री’सारखे बारीक टोकांचे एकच अक्षर कापावे, गोंदाने बसवावे, आणि वाळल्यावर करवतीने आडवे चिरून छेद पाहावा. भिंती दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या आणि रुंद दांड्यांखाली पोकळी दिसली तर आकडे बरोबर आहेत. खऱ्या कामाचा प्लग मात्र कोरडा असताना फक्त हाताने दाबून पाहावा. हातोडा मारला तर तो अडकतो आणि काढताना काने मोडतात. हाताने दाबलेल्या अवस्थेत पाठ आणि पाटी यांमधले अंतर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) चारही कोपऱ्यांवर मोजावे. ते सगळीकडे सारखे असणे हे त्याच्या नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे. एका कोपऱ्यावर १.६ आणि दुसऱ्यावर २ मिमी आले तर गोंद उघडूच नये, अडलेली जागा शोधावी. बहुधा तिथे चरीत भुसा दाबून बसलेला असतो.

चिकटवणे

शिसव तेलकट असते, म्हणून खोबण ॲसिटोनने पुसून कोरडी करावी. लाकडाचा पांढरा गोंद बारीक ब्रशने खोबणीच्या आणि प्लगच्या भिंतींवर लावावा. तळाशी ओतू नये, कारण अडकलेल्या गोंदाला बाहेर पडायला वाट नसते आणि तोच प्लगला वर ढकलतो. गोंदातल्या पाण्याने हळदू लगेच फुगू लागते, म्हणून शिकंजे आधीच उघडून मांडून ठेवावेत. वर आणि खाली जाड, सपाट फळ्या ठेवून मधले शिकंजे प्रथम, कडेचे नंतर आवळावेत. २४ तास हात लावू नये.

पाठ उतरवणे

ज्यांच्याकडे बँडसॉ आहे त्यांनी पाठ कापून टाकावी. इतरांनी राउटरवरच सपाटीच्या कटरने एकेक मिमी उतरवत पृष्ठभागापासून ०.३ मिमीवर थांबावे. उरलेले काम स्क्रेपरने (लाकूड खरवडायच्या पोलादी पत्तीने) करावे, पॉलिश पेपरने नाही, कारण शिसवीचा जांभळट काळा भुसा हळदूच्या छिद्रांत बसतो आणि अक्षरे मळकी दिसतात. स्क्रेपर शिरोरेषेच्या दिशेने ओढावा. पृष्ठभाग एकजीव झाला की चपड्याचा एक पातळ हात अक्षरांवरून आणि पाटीवरून एकदमच द्यावा, तो वाळू द्यावा आणि त्यानंतरच ३२० नंबरचा पेपर हाती घ्यावा. छिद्रे बंद झालेली असल्याने आता भुसा त्यांत शिरत नाही.