नायट्रॉक्स भरताना या चुका टाळा

नायट्रॉक्स म्हणजे डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये भरायची, जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही म्हणून तो निरुपद्रवी आहे असे समजणारे लोक मला वारंवार भेटतात, आणि त्यांच्या हाती बहुधा सिलिकॉन ग्रीसची ट्यूब असते. हवेच्या सिलिंडरला चालणारे हे ग्रीस दाबाखालील शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकते. आंशिक दाबाच्या पद्धतीत सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजनच सोडला जातो आणि मग वरून हवा भरली जाते, त्यामुळे अंतिम मिश्रण ३२ टक्क्यांचे असले तरी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह ऑक्सिजनसाठी साफ केलेले असावेच लागतात. ‘४० टक्के ऑक्सिजनपर्यंत अशी सफाई लागत नाही’ हा युक्तिवाद, कितीही जण तो करोत, इथे गैरलागू आहे.

दुसरी चूक घाईची. एका शिकाऊ सहकाऱ्याने माझी पाठ वळताच पुरवठ्याचा व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडला. ‘फट्’ असा आवाज झाला, होजच्या टोकाशी जळका वास आला, आणि जोडणी खोलली तेव्हा व्हॉल्व्हची सीट, म्हणजे गॅस अडवणारी आतली बैठक, काळीठिक्कर पडलेली दिसली. अरुंद नळीत गॅस एकाएकी दाबला गेला की तो क्षणात तापतो आणि समोर तेलाचा कण असला तर तेवढी उष्णता तो पेटायला पुरते. पाव फेरीत उघडणारा बॉल व्हॉल्व्ह मी म्हणूनच ऑक्सिजनच्या वाटेवर ठेवत नाही. तिथे हळूहळू उघडणारा सुईचा व्हॉल्व्हच असतो. भरण्याचा वेग मी मिनिटाला ५ बारच्या आसपास ठेवतो. रिकाम्या सिलिंडरमध्ये २०० बारचे ३२ टक्के मिश्रण करायला सुमारे २८ बार ऑक्सिजन लागतो, म्हणजे सहा मिनिटेसुद्धा नाहीत, आणि तेवढीही कळ ज्यांना काढवत नाही त्यांनी होजला हात लावू नये.

वरून भरायची हवा तेलमुक्त असावी. साध्या कॉम्प्रेसरचा फिल्टर त्यासाठी पुरत नाही.

ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा ॲनालायझर आधी हवेवर २०.९ टक्क्यांना जुळवावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि सिलिंडर वापरणाऱ्याने स्वतः मोजणी करावी. सिलिंडरवरच्या पट्टीवर टक्केवारी, तारीख, सही आणि कमाल खोली लिहावी. ३२ टक्क्यांना, ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनच्या दाबाची) १.४ बार मर्यादा धरून, ती ३३ मीटर येते. जुनी पट्टी न काढता वर नवी चिकटवलेला सिलिंडर माझ्याकडे आला, तर मी तो रिकामा करूनच परत देतो.