यष्टिरक्षक-फलंदाज व्हायचंय? मग या चुका टाळा

अकरा जणांच्या संघात ग्लोव्ह्जची जागा एकच. सलामीवीर फॉर्मात नसला तर दुसऱ्याला संधी मिळते, पण पहिला कीपर तंदुरुस्त असेल तर दुसरा कीपर अख्खा मोसम पाणी नेत बसू शकतो. हे गणित घरी आणि क्लबात कुणी मुलाला सांगत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक लहान वयातच होते. चांगले झेल घेतो म्हणून मुलाच्या हातात ग्लोव्ह्ज येतात, त्याला आठव्या क्रमांकावर पाठवतात आणि नेट्समध्ये अंधार पडताना शेवटचे दहा चेंडू खेळायला देतात. सोळा वर्षांखालच्या संघापर्यंत हे खपतं. कूचबिहार करंडकाच्या, म्हणजे १९ वर्षांखालच्या राज्य संघांच्या स्पर्धेच्या, पातळीला मात्र प्रत्येक राज्यात तीन-चार बरे कीपर असतात आणि निवड धावांवर ठरते. २००४ मध्ये पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक दोघेही धोनीच्या आधी भारताकडून खेळले होते. एप्रिल २००५ मध्ये विशाखापट्टणमला तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या १४८ धावांनी धोनीचा रस्ता मोकळा केला. प्रशिक्षकाशी बोला आणि क्लबच्या सामन्यांत तरी मुलाला वरच्या क्रमांकावर खेळवा.

उलटी चूकही तितकीच घातक. धावा होऊ लागल्या की कीपिंगचा सराव दहा मिनिटांच्या झेलांवर येतो. पार्थिव सतराव्या वर्षी, २००२ मध्ये नॉटिंगहॅमला कसोटी खेळला. पुढे यष्टींमागच्या चुका वाढल्या आणि जागा गेली. त्याची जिद्द मला फार मोठी वाटते: देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावा करत राहिला आणि २०१६ मध्ये पुन्हा कसोटी संघात आला.

आता तंत्र. फिरकीवर खालचे चेंडू ग्लोव्ह्जखालून जात असतील तर तुम्ही लवकर उठताय. चेंडू टप्पा घेईपर्यंत बसून राहा आणि उसळीबरोबर वर या. चेंडू हातात येऊन उडत असेल तर हात पुढे ढकलताय. तो शरीराजवळ येऊ द्या आणि घेताना हात किंचित मागे न्या. बोटं चेंडूच्या दिशेने रोखू नका, नाहीतर ती मोडतात. लेग साइडला चेंडू दिसेनासा होतो, म्हणून सरावात समोर खरा फलंदाज उभा करा आणि त्याला मुद्दाम बॅट फिरवून चेंडू चुकवायला सांगा. नुसत्या यष्टींमागे केलेला सराव सामन्यात कामाला येत नाही. मुंबईत असाल तर पावसाळ्यात कांगा लीग खेळा. ओल्या खेळपट्टीवर कुठला चेंडू किती उसळेल याचा नेम नसतो, आणि हात तिथेच तयार होतात. १९८८ मध्ये मद्रासला लेगस्पिनर नरेंद्र हिरवाणीच्या पहिल्या कसोटीत किरण मोरेने एका डावात पाच जणांना यष्टिचीत केलं होतं. पदार्पणातच १६ बळी घेणाऱ्या त्या फिरकीला मागून तसे हात लाभले होते.

वाट अडली असेल तर नुसतं थांबून राहू नका. ऑस्ट्रेलियाच्या गिलख्रिस्टने न्यू साउथ वेल्समध्ये जागा दिसेना तेव्हा १९९४ मध्ये थेट वेस्टर्न ऑस्ट्रेलिया गाठलं. कसोटी पदार्पणाला त्यानंतरही पाच वर्षं लागली. आपल्याकडे विदर्भाच्या रणजी संघात अक्षय वाडकर यष्टींमागे पक्का असताना अमरावतीच्या जितेश शर्माने टी-२० मधल्या फटकेबाजीवर भारतीय संघापर्यंत मजल मारली. वयाचीही घाई नको. मुंबईच्या समीर दिघेला कसोटीची टोपी ३२ व्या वर्षी मिळाली आणि त्याच चेन्नईच्या सामन्यात, २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध विजयापर्यंत तो नाबाद राहिला.

एक गोष्ट मात्र आजपासूनच पाळा. यष्टींजवळ उभं राहताना हेल्मेट घाला, नेट्समध्येसुद्धा. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये टॉन्टनला फिरकीवर उडालेली यष्टींवरची बेल दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरच्या डोळ्यात लागली. १४७ कसोटी खेळलेल्या या यष्टिरक्षकाच्या डोक्यावर तेव्हा हेल्मेट नव्हतं, आणि त्याला तिथेच निवृत्त व्हावं लागलं.