कॅल्शियमसाठी महागडे डबे घेण्याआधी नाचणी बघा

हाडांसाठी म्हणून लोक भारीतल्या पावडरचे डबे आणतात आणि किराणा दुकानात खालच्या गोणीत पडलेल्या नाचणीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, पण १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. फक्त एक गोष्ट, नाचणीत फायटेट नावाचा घटक पण असतो, तो कॅल्शियम आणि लोह दोन्ही धरून ठेवतो, नीट अंगी लागू देत नाही, म्हणून नुसतं पीठ दळून भाकरी थापण्यापेक्षा मोड आणून घ्या, त्याने फायटेट बऱ्यापैकी कमी होतं.

करायचं काय तर नाचणी दोन-तीन पाण्यांनी धुवायची (खडे निघतात बरं का, नीट बघा), रात्रभर भिजवायची, सकाळी पाणी पूर्ण निथळून सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, उन्हाळ्यात एका दिवसात मोड दिसतात, थंडीत जास्त वेळ लागतो. मग सावलीत खडखडीत वाळवून मंद आचेवर जरा भाजायची आणि दळून आणायची. ओलसर राहिली तर पीठाला वास येतो.

दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, जिरं घालून आंबील तयार. गोड हवं असेल तर दूध-गूळ. आणि लगेच वर चहा नको, चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही, तासभर तरी थांबा.