शॉकअपचं कोटेशन वाचताना

कारला बाजारातले (गाडीच्या कंपनीचे नसलेले) शॉकअप बसवायला मेकॅनिकनं एकच ठोक आकडा सांगितला, तर आधी तो फोडून मागा: पुढची मजुरी, मागची मजुरी, सामान, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). बहुतेक छोट्या गाड्यांत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो. दोन-तीन बोल्टचं काम. पुढे मात्र स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र जोडलेला भाग. तो अख्खा उतरवून स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबावी लागते, हे काम जोखमीचं. म्हणून पुढची मजुरी जास्त असणं रास्तच. मागचीही तेवढीच लावली असेल, तर कारण विचारा.

खरी मेख किरकोळ सामानात असते. स्ट्रट माउंट (स्ट्रट वर बॉडीला धरणारा भाग), त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप (आदळण्यापासून वाचवणारा ठोकळा), धूळ अडवणारं रबरी बूट हे धरलंय का? स्वस्त कोटेशनमध्ये हेच गाळलेलं असतं. चार महिन्यांनी माउंट खडखडू लागलं की तीच खोलाखोली, तीच मजुरी पुन्हा. स्ट्रट हलल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं. ते यादीत नसेल तर तो खर्च स्वतः त्यात धरून मगच दोन गॅरेजांची तुलना करा.

एकच शॉकअप बदलू म्हणणाऱ्याला नको म्हणा, एका अॅक्सलची (पुढची किंवा मागची) जोडी एकत्रच बदलावी. सामान तुम्ही ऑनलाइन मागवलंत, तर शॉकअपमधून तेलाची गळती निघाल्यावर पुन्हा बसवण्याची मजुरी बहुधा तुमच्याच खिशातून जाते. हे आधी बोलून घ्या, आणि कोटेशनवर कंपनी व पार्ट नंबर लिहून मागा. ‘चांगल्या कंपनीचा टाकतो’ याला काही अर्थ नसतो.